अर्धा स्वर खाली

मिनीबसमध्ये माझ्या पुढच्या आसनावर बसलेल्या माणसाच्या तोंडात माशाचा गोळा होता, आणि तरीही त्याने बस थांबवली. घडले ते एवढेच. त्याच्या हातात काडी होती, काडीला आणखी दोन गोळे टोचलेले होते, गाल फुगलेला होता, आणि बाजाराचा कोपरा जवळ येताच त्याने मिटल्या ओठांतून चार सूर काढले: एक वरचा, दोन मधले, एक घसरत खाली गेलेला. त्या चार सुरांत एकही व्यंजन नव्हते आणि स्वरही नाकातूनच आलेले होते. चालकाने मागे न पाहता, या मार्गावरचे सगळेच चालक करतात तसा, डावा हात उचलून ऐकल्याची खूण केली आणि ब्रेक दाबला. माणूस उतरला. बसमधल्या पंधरा जणांपैकी कोणालाही यात नवल वाटले नाही. माझ्या गुडघ्यांमध्ये धरलेली वाद्याची पेटी पुढच्या आसनावर आपटली, आतल्या कोवूच्या, माझ्या दोन तारांच्या सारंगीच्या, दोन्ही तारा कण्हल्या, आणि मला अशी जाणीव झाली की गेले दोन दिवस मी जे सिद्ध करत होतो ते एका अनोळखी माणसाने खाता खाता खोडून काढले आहे.

दोन दिवसांपूर्वी फोन आला होता. 'मोककाका ना? मी छोय-लिन. थोंग पिक-वानची मुलगी. ओळखलंत का?' ओळखले नाही असे म्हणणे शक्य नव्हते. बावीस वर्षांत ते नाव माझ्यासमोर कोणी उच्चारले नव्हते, आणि उच्चारले नव्हते म्हणूनच ते झिजलेले नव्हते. तिने सांगितले की वसंतात आईला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. 'गेली म्हणजे, बोलते हो. पण शब्दच नाहीत. नुसतं वर-खाली, वर-खाली. आणि रोज दुपारी चार वाजता एकच वाक्य. सात अक्षरी. मी बोटांवर मोजलंय. ते झालं की थांबते, माझ्याकडे बघते, मग पुन्हा तेच. तास-तासभर. शेवटी रडकुंडीला येते, मग मीही येते.' डॉक्टरांच्या मते त्यात अर्थ नव्हता. थोरल्या भावाच्या मते होता. तो सीमेपलीकडे फॉशानला राहतो, आणि त्याच्या घराशेजारी बागेसकट एक वृद्धाश्रम आहे. आईला तिकडेच यायचे आहे, ती तेच सांगते आहे, असे तो म्हणतो. 'मला वाटतं, ती नको नको म्हणतेय. तो शनिवारी गाडी घेऊन येणार. काका, तुम्ही अठरा वर्षं तिच्या शेजारी बसून वाजवलंत. तुम्हाला नाही कळणार तर कोणाला?'

मी म्हणालो, 'पोरी, सुरावरून शब्द ओळखता येत नाही. एकेका उंचीवर हजार शब्द राहतात.'

'पण शब्दावरून सूर ओळखता येतो ना? आई म्हणायची, मोकच्या हाती पुस्तक दिलं की तो न ऐकताही वाजवतो.'

हे तिने स्तुती म्हणून सांगितले की तिच्या आईने टोमणा म्हणून म्हटले होते, याचा निर्णय मला दोन दिवसांत करता आला नाही. मात्र माझ्या मूळ मुद्द्यावर मी ठाम होतो. आमच्या बोलीत शब्द एकाक्षरी, आणि प्रत्येक शब्दाला उंची असते. 'शी' हा एकच उच्चार सहा पायऱ्यांवर उभा राहतो, आणि पायरी बदलली की कविता, इतिहास, प्रयत्न, वेळ, बाजार, काम असे निरनिराळे अर्थ होतात. हे दूध पिणाऱ्या पोरालाही येते. परंतु उलट दिशेने वाट नाही. पायरी ठाऊक झाली म्हणून तीवर कोण उभे आहे हे कळत नाही. मिनीबसमधला माणूसही माझ्या विरुद्धचा पुरावा नव्हे, असे मी आता स्वतःशी मांडू लागलो. कोपऱ्यापाशी आलेल्या बसमध्ये माणूस दुसरे काय म्हणणार? तिथे अर्थ सुरात नसतो, तो जागेत असतो. चालकाने सूर ऐकला नाही, प्रसंग ऐकला. युक्तिवाद निर्दोष होता. तो पुरा होईपर्यंत माझे उतरण्याचे ठिकाण मागे गेले होते.

मागे चालत येताना पेटी जड वाटली. मी ती का आणली होती, हे मला सांगता येणार नाही. वाद्य न घेता मी तिच्यासमोर कधी बसलोच नव्हतो, हे एक कारण असेल. संगीत नाटकाच्या रंगभूमीवर आमची जागा ठरलेली असे: पडद्याच्या उजव्या अंगाला वादक, त्यांत पहिला मी, कोवू दोन्ही मांड्यांत घट्ट दाबून धरलेली, आणि गाणारी वानताई, म्हणजे थोंग पिक-वान, माझ्यापासून चार पावलांवर. गाणाऱ्याला चाल दिलेली असते आणि तो तीत शब्द बसवतो, असा बाहेरच्यांचा समज असतो. आमच्या गाण्यातल्या कितीतरी जागी हे नेमके उलटे असते. लेखक शब्द देतो. शब्दांच्या उंच्याच पुढे चाल होतात. बोलणे थोडे लांबवले, त्याच्या कडा घासल्या, की ते गाणे होते. नियम म्हणाल तर शेवटाचे. ओळी जोडीने येतात. वरची ओळ तिरप्या सुरावर संपते, उंबरठ्यावर पाय उचलून धरल्यासारखी. खालची ओळ सपाट सुरावर, पाय टेकवून. दोहोंच्या मध्ये पहिल्या वादकाने भरणा करायचा असतो: दोन श्वासांचे वाजवणे, ज्यात गाणारी बाई थुंकी गिळते, बाही सावरते, आणि पुढच्या शब्दाची उंची मनात धरते. भरणा झाल्याशिवाय खालची ओळ उचलायची नाही, हे तिच्या हाडात होते, माझ्याही.

पुस्तक म्हणजे नाटकाची हस्तलिखित वही. मी वही अक्षरशः पाठ करत असे. प्रत्येक शब्दाची उंची मला आधीच ठाऊक असल्यामुळे तारांवर ओढायची माझी कमान गाणाऱ्याच्या मागे नसे, बरोबर असे. कधी कधी केसभर पुढेच. मंडळीत याचे कौतुक होते. 'मोकमास्तर असले की चुकायला जागाच राहत नाही,' असे मृदंगवाला म्हणायचा, आणि मी ते शब्दशः स्वीकारले होते. जागाच राहत नाही! आज पुलाखालच्या फुटपाथवरून चालताना, दोन्ही बाजूंना वाळत घातलेल्या मुळ्यांचा वास येत असताना, ते वाक्य प्रथमच मला दुसऱ्या बाजूने दिसले, आणि मी पेटी या हातातून त्या हातात घेतली.

त्या शेवटच्या वर्षी, नववर्षाचे खेळ संपल्यावर, वानताई चेहऱ्यावरचा रंग तेलाने पुसत बसली होती. शेजारी घशासाठी लोकाट फळाच्या पाकाची बाटली. प्रवेशाआधी आणि नंतर ती एकेक चमचा चाटत असे. आरशातूनच ती म्हणाली, 'मोक, यंदा अर्धा स्वर उतरव रे.'

'का?'

'का म्हणजे? घसा माझा आहे की तुझा?'

'कान माझे आहेत. आणि बासरीवाल्याला बासऱ्या बदलाव्या लागतील.'

'बासरीवाल्याला मी चहा पाजते. तू तुझं बोल.'

मी माझे बोललो. वरच्या त्या सुरामुळे नदीकाठच्या प्रवेशातली पाचवी ओळ उभी आहे, तो उतरवला तर ती बसेल, असे मी सविस्तर, उदाहरणांसह सांगितले. ती बोटाने भुवईवरचा काळा रंग ओढत ऐकत होती. 'अरे, मग बसू दे की,' ती म्हणाली. 'मीही कधीतरी बसणारच आहे.' मी हसलो नाही. वाद्य उतरवलेही नाही. पन्नाशीला आलेली बाई दमली आहे एवढेच तिला सांगायचे होते, आणि मी तिला सौंदर्यशास्त्र ऐकवले.

तिसऱ्या चांद्र महिन्यात देवीच्या जन्मदिवसाचे खेळ एका बेटावर होते. समुद्राला लागून बांबूचा मांडव, पुढे होड्यांवर लाल-पिवळ्या पताका, नैवेद्याच्या भाजलेल्या डुकरांचा आणि उदबत्त्यांचा एकत्र वास. दुपारचा खेळ. दुसरा अंक नेहमीप्रमाणे चारला सुरू झाला. नदीकाठचा प्रवेश आला, पाचवी ओळ आली. पहिले चार शब्द वहीप्रमाणे. पाचवा शब्द उंच. माझी कमान त्या उंचीवर जाऊन पोचली, आणि वानताई तिथे नव्हती. ती खाली होती. दुसराच कुठला तरी शब्द, मग त्याला धरून आणखी दोन, आणि मी वर, माझ्या पाठ केलेल्या उंचीवर, एकटा, स्वच्छ, अचूक. दोघांच्या मधली फट दाराएवढी होती. मी वळू शकलो असतो. सुराचा अर्धा श्वास पुरला असता. आम्हाला त्याचसाठी बसवलेले असते. परंतु वहीत जे आहे ते बरोबर, आणि जो बरोबर आहे त्याने का वळावे? पुढच्या रांगेत भुईमुगाच्या शेंगा फोडणारी एक म्हातारी कोळीण शेजारणीला म्हणाली, 'विसरली गं बाई!' ते वाक्य मी ऐकले, वानताईनेही ऐकले. मग पूर्ण रांगेने ऐकले. खेळ तिने शेवटपर्यंत नेला. मागे शिरोभूषण उतरवताना ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, 'पुस्तक चांगलं पाठ आहे हो तुझं.' त्यानंतर ती माझ्या शेजारी उभी राहिली नाही, आणि वर्षभरात तिने गाणेच सोडले.

बावीस वर्षे मी या घटनेचे एकच वाचन करत आलो: ती विसरली, मी सांभाळले.

सतराव्या मजल्यावर छोय-लिनने जाळीचे दार सरकवले. पंचेचाळिशीची, शाळेच्या उपाहारगृहातली पांढरी टोपी अजून डोक्यावर. 'उशीर झाला काका. मला वाटलं, आलाच नाहीत.' मी म्हणालो, उतरायचे ठिकाण चुकले. 'तुमचं? चुकलं?' ती हसली आणि लगेच दिलगीर झाल्यासारखी बाजूला झाली. खोली एकच, पलंग, देव्हारा, घडीचे टेबल, खिडकीपाशी खुर्ची. खुर्चीत वानताई. उजवा हात मांडीवर दुसऱ्या कोणाचा तरी हातमोजा ठेवावा तसा ठेवलेला. तोंडाची एक बाजू खाली गेली होती, आणि दुसरी मात्र जशीच्या तशी होती, इतकी की मी त्याच बाजूला जाऊन उभा राहिलो. तिने माझ्याकडे पाहिले नाही. पेटीकडे पाहिले.

'आई, ओळखलंस का कोण आलंय? मोककाका!' छोय-लिन बहिऱ्याशी बोलावे तशी ओरडली. मी लोकाटच्या पाकाची बाटली टेबलावर ठेवली. 'बरं केलंत. पातळ काही गिळता येत नाही तिला, पाणीसुद्धा पूड घालून घट्ट करावं लागतं. हे चालेल.' मग आम्ही दोघे घडीच्या स्टुलांवर बसलो आणि वाट पाहिली. पलीकडच्या घरात जुगाराचे फासे टेबलावर ढवळल्याचा आवाज होता. चार वाजायला तीन मिनिटे होती.

चारला वानताईने मान उचलली. छाती भरून घेतली, आणि तो श्वास मी झोपेतही ओळखला असता, खालून, कमरेपासून घेतलेला. मग ते आले. व्यंजने चिरडून गेलेली, ओठ जुळत नसल्यामुळे सगळे एका ओल्या 'आ'मध्ये बुडालेले. परंतु उंच्या स्वच्छ होत्या. सात. थांबली, आणि माझ्याकडे पाहिले.

जुन्या खोडीप्रमाणे मी मनातली वही उघडली. पहिल्या चार उंच्या लागल्या: नदीकाठ, पाचवी ओळ. पाचवी उंची मात्र वर जायच्या ऐवजी खाली गेली. चुकली, असे मी मनात म्हणालो. मेंदूची ती बाजूच गेली, सूरही जाणारच. आणि म्हणताक्षणीच आठवले, बावीस वर्षांपूर्वी मांडवातही मी मनात नेमके हेच ठरवले होते. तिने पुन्हा म्हटले. पुन्हा चार उंच्या वहीच्या, पाचवी खाली, सहावी तिला धरून, आणि सातवी नियमाप्रमाणे तिरपी. तिसऱ्यांदा तेच. मोडलेली वस्तू तीनदा एकाच जागी इतक्या नीटपणे मोडत नाही. आणि जो विसरतो तो शेवटाचा नियम सांभाळून विसरत नाही. पाचवा शब्द बदलला तर सहावा कोणता घ्यावा आणि सातव्यापर्यंत कसे पोचावे, हे कोणीतरी घरी बसून, शांतपणे, ओठांनी जुळवून पाहिलेले होते. मी स्वर उतरवला नाही, म्हणून तिने शब्द उतरवला होता. ज्या उंचीवर तिचा घसा पोचत नव्हता तिथे उभा असलेला शब्द तिने काढला, आणि तिथे खालच्या पायरीवरचा शब्द बसवला. आणि मी ऐकीन, माझी कमान तिच्याबरोबर एक पायरी उतरेल, एवढा विश्वास ठेवून ती त्या दिवशी मांडवात उभी राहिली होती.

'काय म्हणतेय?' छोय-लिन पुढे वाकली. 'काका? जायचं म्हणतेय की राहायचं?'

माझ्यापाशी एक सोयीचे, खोटे उत्तर तयार होते. 'राहायचं,' एवढे मी म्हटले असते तर उद्याची गाडी रिकामी परत गेली असती. छोय-लिनला तेच हवे होते. मलाही हवे होते. हे घर मिनीबसच्या वाटेवर होते, आणि फॉशान नव्हते. शब्दाला पुरावा कोण मागणार? ही बाई तर नाही म्हणू शकत नव्हती. तिच्या खालच्या सुरावर माझा वरचा शब्द पुन्हा एकदा ठेवता आला असता, स्वच्छ आणि अचूक, आणि या वेळी समोरच्या रांगेत कोणी कोळीणही नव्हती.

'यात जाणं नाही नि राहणंही नाही,' मी म्हणालो. 'ही वरची ओळ आहे.'

'म्हणजे?'

'म्हणजे अर्धीच. वरची ओळ झाली की वाद्यानं भरणा करायचा असतो. मग खालची ओळ. भरणा होत नाही, म्हणून ती थांबते, वाट बघते, आणि पुन्हा पहिल्यापासून धरते.'

'रोज? दोन महिने?' छोय-लिनने आईकडे पाहिले, मग माझ्याकडे. 'आणि मी तिला पेज भरवत होते. डायपर बघत होते. खिडकी उघड, खिडकी लाव...' तिने टोपी काढून मांडीवर चुरगळली. 'मग वाजवा ना! बसलात काय?'

मी पेटी उघडली. कमानीला राळ लावली. कोवू मांड्यांत घेतली आणि खुंटी धरली. वानताईचा आवाज आता अर्धा नव्हे, चांगला दोन-अडीच स्वर खाली होता. मी तार सैल करत गेलो. ती उतरताना कुरकुरत होती, आणि वानताईचे डोळे खुंटीवर होते. एवढ्या खाली ते वाद्य मी कधी वाजवले नव्हते. त्याचा आवाज घोगरा, सैल, माझ्या कानांना जवळजवळ अप्रतिष्ठित वाटला.

तिने वरची ओळ पुन्हा म्हटली. पाचव्या उंचीला माझी कमान तिच्याबरोबर खाली गेली. भरणा आला. भरण्याच्या शेवटी वादक पुढच्या शब्दाच्या उंचीवर थांबतो, म्हणजे गाणाऱ्याला ती आयती मिळते. वहीतली ती उंची मला ठाऊक होती. मी तिथे गेलो नाही. भरणा अलीकडेच सोडला, उघडा, कोणत्याच पायरीवर नाही, आणि कमान तारेवर ठेवून थांबलो. पलीकडे फासे थांबले होते की मलाच ऐकू येत नव्हते, कोण जाणे.

मग तिने खालची ओळ उचलली. ती वहीतली नव्हती. पहिल्याच उंचीला मला कळले की ही मला येत नाही, आणि दुसऱ्या उंचीला वहीचा आधार सुटला. पाण्यात तळ न लागावा तसा. मी तिच्या मागे गेलो. केसभर मागे, नव्हे, चांगला बोटभर मागे, नवशिक्यासारखा. तिने टाकलेल्या पावलावर पाऊल ठेवत, कुठे जायचे आहे हे माहीत नसताना. ती एकदा वर गेली, मला वाटले नव्हते तिथे. एकदा बराच वेळ एकाच उंचीवर राहिली. सातवी उंची सपाट आली, खाली, टेकलेली. माझी कमान तिच्या नंतर तिथे पोचली.

छोय-लिन कुजबुजली, 'काय म्हणाली?'

'माहीत नाही.'

'काहीच नाही?'

'एकही शब्द नाही.'

तिच्या चेहऱ्यावर राग आला. तो यायलाच हवा होता. मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. चार वाजून अकरा मिनिटे. तिने आईकडे पाहिले. वानताई पुन्हा सुरुवात करत नव्हती. मान मागे टेकवून बसली होती, आणि चांगल्या बाजूने ओठ किंचित उघडून टेबलावरच्या बाटलीकडे पाहत होती. छोय-लिनने चमचाभर पाक दिला. तो तिने वेळ घेऊन, न ठसकता गिळला. छोय-लिन उठून स्वयंपाकाच्या कोपऱ्यात गेली आणि तिने फोन लावला. 'दादा, उद्या ये. हो, ये म्हणतेय ना. गाडी खालीच राहू दे. चारच्या आधी वर ये, आणि गप्प बस. काय म्हणते ते मला विचारू नको. तू ऐक. मग भांड हवं तर.'

मी कमान सैल करायला घेतली. तेवढ्यात वानताईचा डावा हात खुर्चीच्या हातावरून उठला. तळवा जमिनीकडे होता. तो हात सावकाश, बोटभर, खाली आला. आरशातून ज्या नजरेने ती पाहत असे, त्याच नजरेने तिने माझ्याकडे पाहिले.

मी 'का' असे विचारले नाही. खुंटी धरली, आणि तार आणखी थोडी उतरवली.